वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी

होस्टेलवर राहायला आलं की दोन गोष्टी कुणी न शिकवता येतात. एक म्हणजे मेसच्या भाजीला नावं ठेवणं, आणि दुसरी म्हणजे नोटीस बोर्डावरच्या नोटिशीखाली पेननं काहीतरी खरडणं. पण मेस सेक्रेटरी कोण होणार असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली! हिशेब कोण ठेवणार, बाजारात कोण जाणार, सकाळी पाच वाजता दूधवाल्याला दार कोण उघडणार... तेव्हा मात्र प्रत्येकाची सबमिशन असते.

मित्रहो, अशा वेळी मला एक माणूस आठवतो. त्यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. शाळेच्या भिंतीवर त्यांचा फोटो असायचा. पांढरी दाढी, अंगात खादी, हातात काठी. २२ सप्टेंबरला जयंती, दोन भाषणं, एक हार, आणि मग बिस्किटाचा पुडा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात कर्मवीर भाऊराव पाटील एवढेच आहेत. पण हा माणूस स्वतः होस्टेलवर राहिला होता, होस्टेलचा नियम मोडला म्हणून त्याला सामानासकट बाहेर काढलं होतं, आणि तो मॅट्रिकसुद्धा नव्हता, हे किती जणांना माहीत आहे? आज त्यांची तीच बाजू सांगायची आहे. कारण ती आपल्या जवळची आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातलं. घराणं शेतकरी जैनांचं. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. आज या गावात तर उद्या त्या गावात. पोरगं अंगानं दांडगं, अभ्यासात बेताचं आणि स्वभावानं हट्टी. लहानपणाची एक गोष्ट सांगतात. गावातल्या विहिरीवर अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या लोकांना पाणी भरू देत नव्हते. तासन् तास ती माणसं, बायाबापड्या, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून उभी राहायची. या पोरानं ते बघितलं आणि रागाच्या भरात विहिरीचा रहाट मोडून खाली ढकलून दिला. मला पाणी आहे आणि त्यांना नाही, मग कुणालाच नको! हा काही विचारपूर्वक केलेला सत्याग्रह नव्हता, तो नुसता संताप होता. पुढच्या आयुष्यात या संतापाचं त्यांनी काय केलं, तीच खरी गोष्ट आहे.

१९०२ च्या सुमाराला पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरात आले, राजाराम हायस्कूलमध्ये. तेव्हाचं कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं कोल्हापूर. खेड्यातल्या मुलांना शिकायचं तर शहरात राहण्याची सोय पाहिजे, हे महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून एकेक करत वसतिगृहं सुरू करायला मदत केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं, अशी प्रत्येक समाजाची वेगळी. आज आपल्याला वाटेल, जातीपातीविरुद्ध लढणाऱ्या राजानं जातवार होस्टेलं का काढली? पण तो काळच असा होता की मुलं एका ताटाजवळ बसत नसत. सगळ्यांचं एकच वसतिगृह काढलं असतं तर आईबापांनी पोरं पाठवलीच नसती. आधी पोरं शाळेत येऊ देत, बाकीचं पुढे बघू, असा हिशेब असावा. भाऊराव अर्थातच जैन बोर्डिंगात राहिले.

१९०८ साली महाराजांच्या प्रोत्साहनानं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या व्यवस्थापनाचं म्हणणं पडलं की विटाळ झाला आहे, आंघोळ करून मगच आत यायचं. आता आंघोळ ही काय फार मोठी शिक्षा नव्हे. दोन तांबे पाणी अंगावर घेतलं की विषय संपला असता. आपण असतो तर काय केलं असतं? नळाखाली उभं राहून मोकळे झालो असतो, आणि रूमवर येऊन व्यवस्थापनाला शिव्या घातल्या असत्या. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला. माणसांना भेटून आलोय, घाणीतून नाही, मग आंघोळ कशाला, एवढाच त्यांचा मुद्दा. बोर्डिंगचे सुपरिंटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे. मोठे विद्वान, जैन समाजातले सुधारक. पण नियम तो नियम! भाऊरावांचं नाव कमी झालं.

शाहू महाराजांच्या कानावर ही हकिकत गेली आणि त्यांनी या मुलाला राजवाड्यावरच ठेवून घेतलं. तिथे तालीम झाली, कुस्ती झाली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे महाराज माणसांशी कसे वागतात, राबणाऱ्या माणसाची कशी कदर करतात, हे जवळून बघायला मिळालं. अभ्यास मात्र झाला नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे गाडी गेलीच नाही. पुढे शेकडो शाळा काढणाऱ्या माणसाकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट नव्हतं. ज्यांचे विषय राहिलेत त्यांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये ही विनंती! पण एक गोष्ट खरी, की शिक्षणाचं दार बाहेरून कसं दिसतं ते त्यांना चांगलं माहीत होतं.

नंतर साताऱ्याला आले. शिकवण्या सुरू केल्या. आश्चर्य वाटेल, पण मॅट्रिक नसलेल्या या मास्तरांच्या शिकवण्या चांगल्या चालल्या. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. याच काळात, १९१० च्या आसपास, मित्रांच्या बरोबरीनं त्यांनी दुधगाव इथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू केला. सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवायची ही कल्पना तिथे पहिल्यांदा हाताळून बघितली. म्हणजे पुढच्या मोठ्या कामाचं हे छोटं मॉडेल, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

मग आला १९१४ चा डांबर खटला. कोल्हापुरात बादशहा सातव्या एडवर्डच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. ब्रिटिशांचं राज्य, संस्थानाची अब्रू पणाला. कुणाला तरी पकडायचं होतं. संशय ज्यांच्यावर घेतला त्यात अण्णासाहेब लठ्ठे होते. होय, तेच! आणि लठ्ठ्यांच्या विरोधात साक्ष द्यायला कुणाला सांगण्यात आलं? भाऊरावांना. हिशेब चुकता करायची याहून चांगली संधी कुणाला मिळाली असती? ज्यानं आपल्याला वसतिगृहातून बाहेर काढलं त्याच्याविरुद्ध फक्त चार खोटी वाक्यं बोलायची होती. भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यासाठी तुरुंगात गेले, मारहाण सोसली, अतोनात छळ सोसला, पण खोटी साक्ष दिली नाही. भाऊरावांच्या चरित्रातला हा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. नियमाशी भांडण वेगळं आणि माणसाशी वैर वेगळं. हा फरक त्यांना कळत होता. आपल्याकडे होस्टेलच्या इलेक्शननंतर सहा सहा महिने एकमेकांशी न बोलणारे आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

यानंतरची काही वर्षं आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना आवडतील अशी आहेत. भाऊराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते झाले. त्या वेळी शेतकरी लाकडी नांगर वापरायचा. लोखंडाच्या नांगरानं जमिनीत विष भिनतं अशी समजूत होती. म्हणजे माल चांगला, पण घ्यायला कुणी तयार नाही. असा नांगर विकायचा तर दुकानात बसून चालत नाही. गावोगाव जायचं, बांधावर उभं राहायचं, नांगर चालवून दाखवायचा, लोकांच्या ओसरीवर मुक्काम करायचा. भाऊरावांनी हे केलं. साताऱ्याच्या आणि आसपासच्या भागातली खेडी त्यांनी अशी पायाखाली घातली. नांगर विकता विकता त्यांना एक गोष्ट दिसली. नवीन अवजार आलं तरी ते का चांगलं, त्याचा हिशेब काय, कर्जाच्या कागदावर काय लिहिलंय, हे वाचता येणारा माणूस घरात नाही. सावकाराच्या वहीवर अंगठा उठवायचा आणि घरी यायचं. नांगरानं जमीन नांगरली जाईल, पण डोकं कोण नांगरणार?

पुढे धनजीशा कूपर यांच्याबरोबर साताऱ्याजवळ नांगराचा कारखाना उभा करण्यात भाऊरावांचा मोठा वाटा होता. त्यात त्यांची एकच अट होती, नफ्यातला काही भाग बहुजनांच्या शिक्षणाला द्यायचा. पुढे यावरून दोघांचं बिनसलं आणि भाऊराव कारखान्यातून बाहेर पडले. चांगली चालती नोकरी होती. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट झालेली कंपनी सोडली. पण तोवर त्यांचं दुसरं काम सुरू झालेलं होतं.

४ ऑक्टोबर १९१९. कऱ्हाड तालुक्यातलं काले गाव. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाची परिषद तिथे भरली होती आणि तिथेच रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नाव रयत, म्हणजे कष्ट करणारी सामान्य प्रजा. बोधचिन्ह वडाचं झाड, पारंब्या जमिनीत शिरून पुन्हा खोड होतात ते. उद्देश ठरले, मागासलेल्या वर्गातल्या मुलांना शिक्षणाची गोडी लावायची, गरीब मुलांची राहण्याजेवण्याची सोय करायची, वेगवेगळ्या जातींच्या मुलांत प्रेम वाढवायचं, आणि त्यांना काटकसरीची, स्वावलंबनाची, कामाची सवय लावायची. शेवटचे दोन उद्देश नीट बघा. त्यात शाळेची पुस्तकं नाहीत. एकत्र राहणं आहे आणि काम आहे. कालेनंतर नेर्ले इथे वसतिगृह झालं आणि १९२४ मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्याला हललं.

साताऱ्याच्या या वसतिगृहात काय होतं? खरं म्हणजे काय नव्हतं हे सांगणं सोपं. नोकर नव्हता, आचारी नव्हता, वाढपी नव्हता. सकाळी उठून झाडलोट मुलांनी करायची. पाणी मुलांनी भरायचं. जात्यावर दळायचं मुलांनी, भाकऱ्या थापायच्या मुलांनी, भांडी घासायची मुलांनी. शेतात राबायचं, लाकडं आणायची, भाजी पिकवायची. सगळं पाळीपाळीनं. सुट्टीच्या दिवशी गावातून धान्य गोळा करायचं. आणि हे सगळं करून शाळेचा अभ्यास.

यात कोणाची पाळी कशाला? इथेच खरी गोम होती. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग, रामोशी, अशा सगळ्या घरांतली पोरं एकाच छपराखाली होती. पाळी आली की भाकरी कुणीही थापायची आणि ती सगळ्यांनी खायची. ज्या काळात एका विहिरीचं पाणी चालत नव्हतं त्या काळात एका परातीतलं पीठ चाललं! यासाठी भाऊरावांनी मुलांना जातिनिर्मूलनावर व्याख्यानं दिली असतील नसतील, पण खरं व्याख्यान चुलीपुढे झालं. पहाटे चार वाजता दोघं मिळून जातं ओढत असताना समोरच्याची जात किती वेळ डोक्यात राहणार? हात दुखायला लागला की दुसऱ्याच्या हाताची किंमत कळते.

आणखी एक गोष्ट. घरचं काम म्हणून मुलानं चार कामं केली तर त्याला आपण मदत म्हणतो. इथे ती मदत नव्हती. मुलांनी भाकरी केली नाही तर भाकरी नव्हती! दुसरा कुणी येऊन सांभाळून घेणार नव्हता. म्हणून वसतिगृह भाऊरावांचं नव्हतं, मुलांचं होतं. मोठ्या मुलांनी लहानांकडे बघायचं, जुन्यानं नव्याला शिकवायचं. आजकाल लीडरशिप डेव्हलपमेंट नावाचे दोन दिवसांचे वर्कशॉप होतात, त्याची फी असते, शेवटी सर्टिफिकेट मिळतं. तिथे सर्टिफिकेट नव्हतं. चाळीस भाकऱ्या वेळेवर झाल्या की पास.

या संसाराचा दुसरा अर्धा भाग म्हणजे लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. चांगल्या घरातून भरपूर दागिने घालून आलेली ही बाई. वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं वाढवलं. आजारी मुलाजवळ बसल्या, रडणाऱ्याचे डोळे पुसले. माहेरच्या रीतिरिवाजात वाढलेल्या बाईला सगळ्या जातींची पोरं स्वयंपाकघरात वावरू देणं सोपं गेलं नसेल. पण त्यांनी ते आपलंसं केलं. पैशाची अडचण आली की एकेक दागिना मोडला. शेवटी असा दिवस आला की मुलांना जेवायला घालायला घरात काही नव्हतं. तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. त्या काळात सवाष्ण बाईनं हे करणं म्हणजे काय, ते आपल्या आजीला विचारावं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं पुढचं वैभव त्यांनी बघितलं नाही. भाऊरावांच्या प्रत्येक भाषणाच्या वेळी त्यांचंही नाव घ्यायला पाहिजे, आपण बहुतेक वेळा विसरतो.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले होते. त्यांच्या हस्ते वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव देण्यात आलं. सगळ्या जातींची मुलं सहजपणे एकत्र राहतात, जेवतात, हे बघून गांधीजींना फार आनंद झाला, आणि आपल्याला आश्रमात जे अवघड गेलं ते इथे जमलंय अशी त्यांनी कबुली दिली, असं सांगतात. पुढे त्यांनी हरिजन सेवक संघाकडून वसतिगृहाला दरवर्षी पाचशे रुपयांची मदतही मिळवून दिली. नावाचा विचार करा. ज्या मुलाला कोल्हापूरच्या बोर्डिंगातून काढलं, त्यानं आपल्या बोर्डिंगाला नाव दिलं ते त्याला आसरा देणाऱ्या राजाचं. पण एका बाबतीत तो राजाच्या पुढे गेला. महाराजांनी काळाची अडचण ओळखून वेगवेगळी दारं ठेवली होती. भाऊरावांनी दार एकच ठेवलं. पुणे करारानंतर, १९३२ मध्ये, पुण्यातही त्यांनी वसतिगृह काढलं, त्याचं नावच युनियन बोर्डिंग हाउस!

आता कुणाला वाटेल की हे सगळं फार गोड गोड चाललं होतं. तसं नव्हतं. अण्णा (मुलं त्यांना अण्णा म्हणत) भलते तापट होते. आवाज चढला की समोरचा थरथरायचा. काम चुकवलेलं, खोटं बोललेलं त्यांना सहन व्हायचं नाही. आजच्या कुठल्याही विद्यार्थी संघटनेनं त्यांच्याविरुद्ध निवेदन दिलं असतं! स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल ते, असा तिथे अर्थ नव्हता. पण त्या कडकपणात एक फरक होता. जे काम मुलांना लावलं ते स्वतः केलं, जे मुलांनी खाल्लं ते स्वतः खाल्लं. नियम वरच्यांसाठी एक आणि खालच्यांसाठी दुसरा असं नव्हतं. मला वाटतं, पोरं रागावणारा माणूस सहन करतात, ढोंगी माणूस सहन करत नाहीत.

वसतिगृह चाललं, पण मुलं येणार कुठून? खेड्यात शाळाच नाही. शाळा काढायची तर मास्तर नाही. हा प्रश्न त्यांनी इंजिनिअरसारखा मागून पुढे सोडवला. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. त्याच वर्षी संस्थेची रीतसर नोंदणी झाली. मग १९३८ मध्ये साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला पहिली व्हॉलंटरी शाळा. जागा गावानं द्यायची, मास्तर संस्थेनं द्यायचा. कधी देवळात, कधी चावडीत, कधी झाडाखाली. दहा-बारा वर्षांत अशा शाळांची संख्या साडेपाचशेच्या वर गेली. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर, जिथे रस्ता नव्हता तिथे मास्तर पोहोचला. शेण सारवलेल्या ओट्यावर बसून शिकलेली मुलं वसतिगृहात आली, ट्रेनिंग कॉलेजात गेली, आणि मास्तर होऊन पुन्हा कुठल्यातरी वाडीवर गेली. वडाची पारंबी म्हणतात ती हीच.

१९४० साली आलं महाराजा सयाजीराव हायस्कूल, साताऱ्यातच. राहणं मोफत, शिकणं मोफत. पण भीक नाही! मुलांनी कष्ट करायचे आणि त्यावर शिकायचं. हीच ती कमवा आणि शिका. हायस्कूलच्या वयाचं पोरगं म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचं. या वयाच्या मुलाला आपण काय देतो? ट्यूशन, डबा आणि उपदेश. भाऊरावांनी त्याच्या हातात कुदळ दिली. तुझी फी तू भरतोयस, तुझी शाळा तू चालवतोयस, हे त्याला सांगावं लागलं नाही. गरिबाच्या मुलाला मदत करणारे पुष्कळ असतात. पण मदत घेताना मान खाली जाते. ती मान खाली जाऊ द्यायची नाही, हा सगळ्या योजनेचा गाभा होता. कष्ट केलेला मुलगा कुणाचा उपकार घेत नाही. तो हक्कानं वर्गात बसतो, आणि हक्कानं प्रश्न विचारतो.

जून १९४७ मध्ये, देश स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. तेही याच तत्त्वावर. माळरानावर मुलांनी दगड फोडले, माती वाहिली, जमीन लागवडीला आणली. सकाळी घमेली आणि दुपारी शेक्सपिअर असा तो टाइमटेबल असणार! कॉलेज म्हणजे पांढरपेशांची जागा हा समज तिथे मोडला.

पण गोष्ट इथे सरळ संपत नाही. १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमाराला त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली आणि मुंबई सरकारनं रयतचं अनुदान बंद केलं. विचार करा, शेकडो शाळा, हजारो मुलं, आणि एका फटक्यात पैसा बंद. शब्द मागे घ्या, प्रकरण मिटवा, असं सांगणारे असतीलच. पण जो माणूस विशीत दोन तांबे पाण्यासाठी वाकला नाही तो साठीत काय वाकणार! भाऊराव झोळी घेऊन लोकांत गेले. लोकांनी दिलं. शेवटी गाडगे महाराजांनी मध्ये पडून मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. एक शाळेची पायरी न चढलेला संत आणि एक मॅट्रिक न झालेला शिक्षणमहर्षी. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा गाडा या दोघांनी चिखलातून ओढून काढला. १९५४ मध्ये कऱ्हाडला कॉलेज निघालं, त्याला नाव दिलं सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज.

१९५९ साली भारत सरकारनं भाऊरावांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठानं डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीवाला माणूस डॉक्टर झाला! पण तब्येत पार खालावली होती. महिन्याभरातच, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचं निधन झालं. समाधी साताऱ्यात आहे.

असा एकखांबी माणूस गेला की बहुतेक संस्था कोसळतात. मुलगा, जावई, पुतण्या यांची भांडणं सुरू होतात. रयतचं तसं झालं नाही, आणि त्याचं कारण पुन्हा त्या जात्यापाशीच आहे. संस्था पुढे नेणारे आजीव सेवक बरेचसे याच वसतिगृहांत वाढलेले होते. बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचंच उदाहरण घ्या. भाऊरावांच्या वसतिगृहातलं गरीब घरचं पोर, पुढे विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालं, परत येऊन रयतच्याच कामात पडलं, आणि शिवाजी विद्यापीठाचं कुलगुरुपदही सांभाळलं. ज्यांनी पोरवयात चूल, कोठी आणि शेत सांभाळलं त्यांना मोठेपणी संस्था सांभाळणं जड गेलं नाही. भाऊरावांनी वारस नेमला नाही, वारस तयार केले. आणि एक नाही, शेकडो.

आज रयतच्या सातशेच्या वर शाखा आहेत. साताऱ्यात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे, आणि आता त्यांच्या नावाचं विद्यापीठही झालं आहे. कितीतरी विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना चालते. आपल्याही ओळखीचा एखादा मित्र लायब्ररीत पुस्तकं लावतो, ऑफिसात फायली लावतो आणि त्यावर खर्च भागवतो. कॅन्टीनमध्ये त्याची कुणी चेष्टा केलेली मी ऐकली आहे. चेष्टा करणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की त्या योजनेत नाव घालायला या राज्यात एके काळी मान वर करून रांग लागत होती.

आता शेवटी आपल्याबद्दल थोडं. आपण भाकऱ्या थापायला पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. आपल्या भाकरीचा आकार बघून मेसमध्ये दंगल होईल! पण आपल्या होस्टेलचं काय आपलं आहे, हा प्रश्न मनाला विचारायला हरकत नाही. नळ गळतो तर तक्रार करतो, बंद करत नाही. बिल जास्त आलं तर ओरडतो, वही उघडून बघत नाही. नवीन आलेल्या ज्युनियरला आपण काय शिकवतो, ते न लिहिलेलं बरं. आणि सर लोकांनाही एक विनंती. मुलांवर विश्वास टाका, हिशेब त्यांच्या हातात द्या. दोन वेळा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल. साताऱ्यातल्या पहिल्या भाकऱ्याही करपल्याच असतील की!

पुढच्या आठवड्यात मेस कमिटी निवडायची आहे. यादीत अजून चार जागा रिकाम्या आहेत. २२ सप्टेंबरला फोटोला हार घालण्यापेक्षा त्या यादीत नाव घातलेलं अण्णांना जास्त आवडलं असतं. मी माझं घातलंय.